जुनी हायब्रिड सायकल रोजच्या वापरात आणताना: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधराएक वर्षं जुनी, २१ गिअरची, पुढे शॉक असलेली हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरी सायकल यांच्या मधली जात) तुम्ही सेकंडहँड घेतली आहे. रोज ९ किलोमीटर कामावर जायचं आणि तितकंच परत यायचं. गिअर जागेवर पडत नाहीत, ब्रेक दाबला की किंचाळतात, अर्ध्या वाटेत हाताला मुंग्या येतात. चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलणारा खटका), ब्रेक, टायर असं सगळंच बदलावं लागेल, असं तुम्हाला सांगितलं गेलं आहे. तर सुरुवात कुठून करायची?

सगळं बदलू नका. वीसेक वर्षं मी अशा सायकली उघडतो, जोडतो आणि त्यांच्यावरूनच रोज कामाला जातो. जुनी हायब्रिड नव्यासारखी दिसली नाही तरी बिघडत नाही, ती भरवशाची झाली की झालं. त्यामुळे कामाचा क्रम असा ठेवा: सायकल मोडणार नाही याची खात्री, मग ती थांबेल याची, मग ती हलकी चालेल याची, आणि सगळ्यात शेवटी गिअर. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, गिअरवर पैसे घालतात, आणि मग लक्षात येतं की सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेममध्ये गंजून बसलाय.

म्हणून पहिलं काम तेच. सीटचा बोल्ट सैल करा आणि सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं न हलता राहिला, तर दोन धातू आणि घामापावसाचं पाणी मिळून तो आत पक्का धरतो. निघत नसेल तर गंज सोडवणारं तेल वरून सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळा. दोन-तीन दिवस हा उद्योग केला की बरेच पोस्ट सुटतात. निघाला की आतबाहेर पुसून, ग्रीस लावून परत घाला. आणि पोस्टवर कोरलेली कमीत कमी आत राहण्याची खूण फ्रेमच्या बाहेर दिसू देऊ नका. अजून सायकल घेतली नसती, तर मी म्हटलं असतं: पोस्ट हलत नसेल आणि उंची तुमच्या मापाची नसेल, तर ती सायकल सोडून द्या.

मग फ्रेम. एक ओला फडका घेऊन सगळा मळ पुसा, कारण तडा मळाखाली लपतो. हँडलखालच्या नळीला खालची तिरकी नळी जिथे जोडलेली असते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. फुगवटा किंवा रंगाच्या सुरकुत्या हाताला लागल्या तर सायकल समोरून कुठेतरी जोरात आदळलेली आहे. चिमट्याचे (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे) दोन्ही पाय बाजूने पाहा, मागे सरकल्यासारखे वाटतात का. पायडलच्या नळीभोवतीची वेल्डिंग, मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या जागा, सीटच्या बोल्टखालची फट, इथे तडे जातात. स्टीलच्या फ्रेमवर वरवरचा गंज असेल तर घाबरू नका. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला जोडाजवळ केसाएवढा तडा दिसला तरी मात्र ती फ्रेम संपली, ती वेल्ड करून चालवायची नाही. फ्रेम उलटी केलीच आहे तर पायडलच्या नळीखाली कोरलेला नंबर लिहून ठेवा. तो कुणी घासून काढलेला दिसला तर सायकल कुठून आली हे विचारायला हवं.

चाकांना जरा वेळ द्या. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे पाहा. रिम थोडी डुलत असेल तर आउट (वाकडेपणा) काढता येतो. पण रिमचे दोन शत्रू असतात, आणि दुसरा कुणी पाहत नाही. पहिला म्हणजे खड्ड्यात बसलेला दणका. दुसरा म्हणजे ब्रेक. वर्षानुवर्षं रबर घासून रिमची बाजू आतल्या अंगाला वाटीसारखी खोल होत जाते. लोखंडी पट्टी त्या बाजूवर आडवी ठेवा. मधे स्पष्ट फट दिसली तर रिमची भिंत पातळ झालीय आणि हवेच्या दाबाने ती एक दिवस फाटू शकते. अशा चाकाचा आउट काढण्यात अर्थ नाही, चाकच बदला. आरे जोडीजोडीने चिमटीत दाबून पाहा. एकाच बाजूचे आरे साधारण सारखे ताठ लागायला हवेत. एखादा लुळा असेल तर तो नुसता कसून भागत नाही, शेजारच्यांचाही ताण बघावा लागतो.

मागचं चाक बाहेर काढलंत की एक्सल बोटांनी फिरवा आणि त्याच्या टोकाकडे नीट पाहा. टोक गोल गोल डुलत असेल तर एक्सल वाकलाय. पंधरा वर्षांच्या स्वस्त-मध्यम हायब्रिडला बहुधा आट्यांवर चढणारं सात गिअरचं फ्रीव्हील असतं, कॅसेट (सरकवून बसवायची दातेरी चक्रं) नाही. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे बरेच आत बसतात, एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो, म्हणून सामान वाहणाऱ्यांचे एक्सल वाकतात. एक्सल बदलणं सोपं आहे. त्याच वेळी छर्रेही बदला: बहुतेक हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) मागे पाव इंची, दर बाजूला ९, आणि पुढे ३/१६ इंची, दर बाजूला १०. पण उघडताना मोजा, माझ्या आकड्यावर जाऊ नका. कप (छर्रे बसतात ती वाटी) आतून गुळगुळीत असेल आणि कोनवर (छर्रे आवळणाऱ्या नटवर) खड्डे नसतील तर नवे छर्रे आणि नवं ग्रीस एवढ्यावर हब अनेक वर्षं पळतो. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडणारी लिव्हर) असेल तर कोन कसताना अगदी किंचित खेळ (ढिलेपणा) राहू द्या. लिव्हर आवळल्यावर तो खेळ जातो. हातात चाक असताना खेळ शून्य ठेवलात तर सायकलवर बसवल्यावर छर्रे आवळले जातात.

टायरच्या बाजूला बारीक भेगा असतील किंवा आतले धागे दिसत असतील तर दोन्ही बदला, इथे काटकसर नको. माप घेताना मोठ्या अक्षरातल्या आकड्याला भुलू नका. "२८ इंच" असं लिहिलेले टायर किमान दोन वेगळ्या रिमचे असतात. खरा आकडा बारीक अक्षरात असतो: ३७-६२२ म्हणजे ३७ मिलिमीटर रुंद आणि ६२२ मिलिमीटरच्या रिमवर बसणारा. हायब्रिडचं ७०० सी म्हणजे हेच ६२२. जुन्या काळ्या दांडीच्या सायकलींचं २८ हे ६३५ असतं, तो टायर इथे बसणार नाही. रोजच्या रस्त्यासाठी ३५ ते ४० रुंदीचा, मधे गुळगुळीत आणि आत पंक्चरविरोधी पट्टी असलेला टायर घ्या. हवा किती, हे तुमच्या वजनावर ठरतं. टायरवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. साधारण ७० किलोच्या माणसाने ३७-३८ च्या टायरला पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि दोन-दोनने वरखाली करून पाहावं. तुमच्या हातांच्या मुंग्यांपैकी थोड्या तरी इथेच कमी होतील.

आता ब्रेक. तुमचे किंचाळणारे ब्रेक बहुधा खराब नाहीत, त्यांची रबरं म्हातारी झाली आहेत. रबर वर्षांनुवर्षांत कडक होतं आणि त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते. नखाने दाबून पाहा, नख अजिबात रुतत नसेल तर रबर बदला. नवी बसवताना पुढचं टोक रिमला मागच्यापेक्षा मिलिमीटरभर आधी टेकेल असं किंचित तिरकं लावा, आवाज बहुतेक वेळा तिथेच थांबतो. रिम स्पिरिटने पुसा, त्यावर तेलाचा हात लागू देऊ नका. रबर टायरला घासता कामा नये आणि रिमच्या खाली सरकलेलंही नसावं.

ब्रेकच्या वायरी आणि बाहेरच्या केबल मात्र न तपासता बदला. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: ब्रेकची बाहेरची केबल आणि गिअरची बाहेरची केबल दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. ब्रेकच्या केबलमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या केबलमध्ये तारा लांबीला सरळ असतात. गिअरची केबल ब्रेकला लावली आणि तुम्ही जीव तोडून ब्रेक दाबलात, तर ती बाजूने फाटू शकते. म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी. केबल कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा आणि आतली नळी टोच्याने मोकळी करा, नाहीतर नवी वायरसुद्धा जड चालते.

दुसरी चूक मी स्वतः दुरुस्तीला आलेल्या सायकलीवर पाहिली आहे. शिमानोने व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आणले. त्याच्या आधीच्या हायब्रिडना कँटिलिव्हर ब्रेक असत, दोन्ही बाजूंच्या वायरी मधे एकत्र येणारे. या दोन प्रकारांचे लिव्हर वेगळे असतात, व्ही-ब्रेकचा लिव्हर जवळजवळ दुप्पट वायर ओढतो. त्या सायकलीला कुणीतरी जुने कँटिलिव्हर तसेच ठेवून व्ही-ब्रेकचे नवे लिव्हर लावले होते. उभ्या सायकलीवर लिव्हर दगडासारखा घट्ट लागत होता, हाताला अगदी उत्तम वाटावा असा. उतारावर मात्र सायकल थांबेना. मालकाला वाटत होतं रबर खराब आहे, आणि तो तीनदा रबर बदलून बसला होता. लिव्हर आणि ब्रेक एकाच जातीचे हवेत. एक बदललं तर दुसरं तपासायचंच.

इथपर्यंत सायकल थांबायला लागली. आता चेन. चेन ताणली गेली म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही, पिनांच्या जागा झिजून सगळी लांबी वाढते. मोजायला इंचांची लोखंडी पट्टी पुरे. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलण्याची वेळ आली, फ्रीव्हील बहुधा वाचेल. १/८ इंच पुढे गेला असेल तर फ्रीव्हीलही तिच्याबरोबर झिजलेलं असतं आणि नुसती नवी चेन टाकली तर जोर लावल्यावर दातांवरून उडी मारते. अशा वेळी मी दोन्ही एकदम बदलतो. आणि मोजणीत चेन चांगली निघाली, तर तिला हात लावू नका, कुणी काहीही सांगो. रॉकेल किंवा डिग्रीझरने धुवा, पूर्ण वाळवा, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोडा, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं, चेनला त्याचा काही उपयोग नाही.

आता तुमच्या यादीतली गोष्ट जी बदलू नये असं मला ठामपणे वाटतं: शिफ्टर. जुना ट्रिगर शिफ्टर दाबला की नुसता ढिला हलतो, खट् होत नाही, गिअर पडत नाही. लोक म्हणतात तुटला. दहातले बरेचसे तुटलेले नसतात. कारखान्यात आत भरलेलं ग्रीस वर्षानुवर्षं वापर नसल्यामुळे गोंदासारखं होतं आणि आतली छोटी कुत्री (दात अडवणारी खिट्टी) दातात पडत नाही. गिअरची वायर काढा, शिफ्टरचं झाकण उघडा, आत डिग्रीझरचा स्प्रे भरपूर मारा, दोन्ही लिव्हर पन्नास-साठ वेळा दाबा, घाण बाहेर वाहू द्या, पुन्हा मारा. अर्धा तास लागेल. एकेक खट् परत यायला लागला की हवेने वाळवून पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. जाड ग्रीस पुन्हा भरू नका. आतले बारीक भाग सुटे करायच्या फंदात पडू नका, त्या स्प्रिंगा परत बसत नाहीत. फ्रीव्हीलमध्येही हेच होतं. पायडल मारल्यावर क्षणभर काहीच पकडत नसेल तर आतली कुत्री चिकटलेली असतात. मागच्या फटीतून पातळ तेल सोडून फिरवत राहिलं की बऱ्याचदा मोकळी होतात. पण धुऊन-तेल देऊनही ती अधूनमधून निसटत राहिली तर फ्रीव्हील बदला, कारण चौकात जोर लावताना पाय रिकामा जाणं धोक्याचं आहे.

गिअरचं उरलेलं दुखणं बहुधा दोन जागी सापडतं. एक, मागच्या डिरेलरजवळचा (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाजवळचा) केबलचा शेवटचा वळसा. तिथे सगळा चिखल जमतो. आतली वायर आणि तेवढा तुकडा बदलून पाहा. दुसरी जागा, डिरेलर ज्या कानावर लटकतो तो कान. सायकल उजव्या अंगाने पडली की तो आत वाकतो. मागे बसून पाहा: डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची रेघ दातांच्या समांतर सरळ खाली यायला हवी. खालचं चाक आऱ्यांकडे झुकलेलं असेल तर कितीही स्क्रू फिरवले तरी गिअर जुळणार नाहीत, आणि सगळ्यात मोठ्या दातावर (म्हणजे चक्रावर) डिरेलर आऱ्यांत जाण्याची भीती. स्टीलचा कान मापाच्या अवजाराने सरळ होतो, ॲल्युमिनियमचा सुटा कान बदलणं बरं. तो सरळ झाल्यावरच दोन मर्यादा-स्क्रू (डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे) लावा, आधी सगळ्यात लहान दातावर, मग मोठ्यावर, आणि मग वायरचा ताण.

क्रँकला (पायडल बसतं त्या दांड्याला) धरून आडवं हलवून पाहा. दोन्ही क्रँक एकत्र हलत असतील तर बीबीचा (पायडलच्या नळीतल्या बेअरिंगचा) खेळ आहे. एकच हलत असेल तर तो क्रँक सैल आहे आणि आजच कसायला हवा, कारण सैल क्रँक चालवत राहिलं की त्याचं चौकोनी भोक पसरतं आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही. बहुतेक हायब्रिडमध्ये बीबीच्या उजव्या कपाला उलटे आटे असतात, आणि पायडलमध्ये डाव्याला. विसरायला होतं म्हणून मी असं लक्षात ठेवतो: पाना वरच्या बाजूला धरला, तर पायडल मागच्या चाकाच्या दिशेने सुटतं आणि बीबीचा कप पुढच्या चाकाच्या दिशेने. दोन्ही बाजूंना हेच लागू पडतं. पायडल परत लावताना आट्यांना ग्रीस लावाच, नाहीतर पुढच्या वेळी क्रँकचे आटे घेऊनच ते बाहेर येतं.

पुढच्या शॉकबद्दल माझं मत कडक आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या शॉकमध्ये आतली स्प्रिंग गंजलेली किंवा रबर मेलेलं असतं, सुटे भाग मिळत नाहीत, आणि नुसतं वजन राहतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला. खटखट लागली तर एक बोट हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या) सांध्यावर आणि एक शॉकच्या वरच्या नळीवर ठेवून आवाज नक्की कुठला ते ओळखा. हेडसेटचा असेल तर कसून भागेल. शॉकच्या नळ्याच डुगडुगत असतील तर साधा स्टीलचा चिमटा बसवा. सायकल साधारण किलोभर हलकी होते. नवा चिमटा निवडताना एक्सलपासून वरच्या बैठकीपर्यंतची लांबी जुन्याइतकी हवी, म्हणजे तुम्ही बसल्यावर दबलेल्या शॉकची जितकी लांबी उरत होती तितकी. आखूड चिमटा लावला तर पुढचं तोंड खाली जातं, सायकल चंचल होते आणि पायडल जमिनीजवळ येतं. शॉक जर खटखट न करता नुसता कडक झाला असेल, तर घाई नाही, तसाच चालवा.

हातांच्या मुंग्यांचं मूळ बहुधा बसण्यात आहे. आधी सीटची उंची: टाच पायडलवर, पायडल सगळ्यात खाली, गुडघा जेमतेम सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवल्यावर किंचित वाक उरतो. मग सीटचं नाक पाहा. ते खाली झुकलेलं असेल तर तुम्ही रोज घसरता आणि अंगाचा भार तळव्यांवर घेता. सपाट करा. त्यानंतर हँडल वर घ्या. जुन्या पद्धतीचा दांडा असेल तर खुणेपर्यंत वर उचलता येतो, नव्या पद्धतीचा असेल तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) उलटा करून बसवता येतो. हायब्रिडचे हँडल बहुतेकांना फार रुंद असतात, दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कापल्यावर माझे खांदे सुटले. कापण्याआधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवून पाहा, कापलेलं परत येत नाही.

मडगार्ड आणि कॅरिअर लावा, पाठीवरची बॅग उतरवा. मडगार्ड टायरपेक्षा ८-१० मिलिमीटर रुंद असावा. कॅरिअरचे बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचे असतात, थरथरीने सुटतात, म्हणून आटे घट्ट धरणारा द्रव लावा. उजव्या खालच्या बोल्टचं टोक आतल्या बाजूला बाहेर येतंय का ते पाहा. तेवढं टोक चेनला सगळ्यात लहान दातावर अडवतं आणि माणूस दोन दिवस डिरेलरला दोष देत बसतो.

चालवताना पुढे मधलं चेनव्हील धरून ठेवा. ३८ दातांचं पुढे, १८ चं मागे, ३८ चा टायर, मिनिटाला ७५ फेरे, म्हणजे ताशी साधारण साडेवीस किलोमीटर. ९ किलोमीटरसाठी हे भरपूर आहे. पाय जड पडायला लागला की गिअर उशीर न करता उतरवा, गुडघे वाचतात. गिअर टाकताना पायाचा जोर क्षणभर कमी करा, पण पाय फिरवत राहा. सिग्नलला थांबण्याआधीच हलक्या गिअरवर या, उभ्या सायकलीवर गिअर पडत नाही. पावसात रिम ओली असते, पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर फक्त पाणी पुसतं, म्हणून एरवीपेक्षा बरंच आधी ब्रेकला हात घाला. उभ्या गाड्यांच्या दारापासून एक मीटरभर अंतर ठेवून सरळ रेषेत चाला, प्रत्येक रिकाम्या जागेत आतबाहेर करू नका, मागून येणाऱ्याला तुमचा अंदाज यायला हवा.

पहिले दोन आठवडे पाना जवळ ठेवा. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट, स्टेम, सीटचा बोल्ट आणि कॅरिअर पुन्हा कसून पाहा. नव्या वायरी याच काळात बसतात, गिअर एक दात मागे राहायला लागतो. शिफ्टर किंवा डिरेलर पुन्हा उघडू नका. केबलचा ॲडजस्टर (ताण कमी-जास्त करणारी छोटी चकती) अर्धा फेरा बाहेर फिरवा आणि चालवून बघा.